टाचणीची दोन भोकं

ताई, तुमचं भिंग खालच्या खणात होतं, चष्म्याच्या जुन्या घरात. नेहमीच्या जागी दिसलं नाही म्हणून मी उगाच घाबरले होते. तुम्ही गेल्याला आज सतरा दिवस झाले. घरात अजून तुमच्या बामाचा वास आहे.

तुमचा डोंबिवलीचा भाचा तेराव्यानंतरही रोज येतो, कपाटं उघडतो, कागद वाचतो, दमून खुर्चीत बसतो. वाईट माणूस नाही. त्याने मला बोलावून सांगितलं, "वनिता, या जमवलेल्या जुन्या नोटांतल्या खऱ्या कुठल्या नि खोट्या कुठल्या, ते तूच वेगळं करून दे. रविवारी फोर्टातला एक माणूस बघायला येतोय. खऱ्या तो घेईल. खोट्या जाळून टाकू."

"जाळायच्या कशाला, काका?"

"खोट्या नोटा घरात? उद्या पोलिसांचं लफडं नको."

"अहो, त्या इंग्रज राजाच्या काळातल्या खोट्या आहेत. आता कोण खपवणार आहे त्या?"

"राजाच्या असोत नाहीतर राणीच्या. खोट्या त्या खोट्या."

यावर मला लगेच उत्तर सुचलं नाही. तुम्हाला माहीत आहे, मला उत्तरं घरी पोचल्यावर सुचतात. मी हो म्हटलं आणि तीन दिवस तुमच्या खिडकीपाशी बसून नोटा बघितल्या. डोळे चुरचुरतात, मान धरली आहे. रोज खारबावहून शेअर रिक्षाने यायचं, इथे बसायचं, परत जायचं. अभ्यास तसाच पडला आहे. पण हे काम दुसऱ्या कोणी केलेलं मला बघवलं नसतं, म्हणून करते आहे.

पहिल्या दिवशी मी जुनीच चूक केली. नोट हातात घेतली आणि राजाच्या चेहऱ्याकडे बघत बसले. मग तुमचा आवाज आठवला. "चेहऱ्याकडे काय बघतेस? चेहरा सगळेच नीट काढतात. उजवा खालचा कोपरा बघ." नक्कल करणारा वर डावीकडून सुरुवात करतो, तेव्हा त्याचा हात ताजा असतो, मन लागलेलं असतं. खाली उजवीकडे येईपर्यंत तो कंटाळतो. रेघा जवळ येतात, तुटतात, एखादी मध्येच संपते. छापखान्याच्या खऱ्या रेघेला थकवा नसतो. "खोटं शोधू नकोस, थकवा शोध," असं तुम्ही म्हणायचात. बँकेत हेड कॅशियर म्हणून निवृत्त झालेल्या बाईंकडून असं काही ऐकायला मिळेल, असं मला वाटलं नव्हतं.

आणि भारनियमन. अख्खी भिवंडी लाइट गेली की शिव्या द्यायची, तुम्ही मात्र घड्याळ बघून वाट बघायचात. मागच्या गल्लीतले कापडाचे लूम एकदम थांबायचे, पंखा थांबायचा, आणि तुम्ही म्हणायचात, "ये, आता नोट ऐकू." दोन बोटांत धरून कानापाशी हलवायची. खरा कागद कितीही हाताळलेला असला तरी करकर बोलतो. खोटा नुसता फडफडतो. पॉवर आली की लूम सुरू, खटखट सुरू, आणि आपली शाळा सुटली. परवा दुपारी लाइट गेली तेव्हा मी तशी एक नोट कानाला लावून बसले होते. भाचा दारात येऊन बघत उभा राहिला. त्याला काय वाटलं असेल कोण जाणे.

पण मला जे सांगायचं आहे ते हे नाही. जे सांगायचं आहे ते मी दीड वर्ष सांगितलं नाही, म्हणून आत्ताही आडवळणाने जाते आहे.

कॉलेजमध्ये इतिहास विभागाचं प्रदर्शन होतं तिथून सुरुवात झाली. घरातली एक जुनी वस्तू आणायची होती. मुलांनी अडकित्ते आणले, मापं आणली, कुणी तलवारीची मूठ आणली. आमच्या घरात जुनं असं एकच होतं. देवाऱ्यात वज्रेश्वरीच्या तसबिरीमागे ठेवलेली राजाच्या डोक्याची दहाची नोट. आजोबा मिठागरावर होते. हंगामाच्या शेवटी शेठने त्यांना ती नोट दिली, आणि पहिलीच मोठी कमाई म्हणून त्यांनी ती कधी मोडली नाही, अशी आमच्या घरची गोष्ट. दर दिवाळीला बाबा ती फडक्याने हलकेच पुसतात, हळदकुंकवाचं बोट पुढे नेतात पण नोटेला टेकवत नाहीत. मी पुठ्ठ्यावर लिहिलं होतं: आजोबांची पहिली कमाई.

तुम्ही पाहुण्या म्हणून आला होतात, स्वतःच्या नोटा घेऊन. मी बघितलं, तुमच्या प्रत्येक नोटेला डाव्या बाजूला बारीक भोकं होती. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फुशारकीच वाटली. मी तुम्हाला म्हटलंसुद्धा, "मॅडम, तुमच्या सगळ्या नोटांना भोकं पडलीयत. आमची बघा, एकपण नाही."

तुम्ही वाकून बघितलंत. "हो, फार जपली आहे," म्हणालात. मग आजूबाजूला कोणी नाही असं बघून हळूच म्हणालात, "बुधवारी दुपारी घरी येशील? ही घेऊन ये. आणि मला मॅडम नको म्हणूस." त्या दिवशी सगळ्यांसमोर तुम्ही काही बोलला असतात तर मी बहुतेक परत कॉलेजात गेले नसते. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. तिथे माझा पाय कायम उंबऱ्यावरच असायचा.

बुधवारी तुम्ही सगळं सावकाश दाखवलंत. उजवा कोपरा. मग खिडकीतल्या उजेडात वॉटरमार्क. तो कागदाच्या आत असायला हवा, आमच्या नोटेवर तो मागून काहीतरी मेणचट लावून उठवला होता. लाइट गेल्यावर आवाजही ऐकवलात. मला कळत होतं, पण मी कळू देत नव्हते. शेवटी तुम्ही भोकांवर आलात.

"त्या काळात पेढीवर नि बँकेत नोटांची गड्डी टाचणीने टोचून ठेवत. खरी नोट कधी ना कधी गड्डीत जायचीच, म्हणून तिला भोकं असायची. ही कधी गड्डीत गेली नाही, वनिता. ही एकटी फिरली. हातातून हातात. आणि तुझ्या आजोबांपाशी येऊन थांबली."

"पण भोक नाही म्हणजे खोटीच, असं नाही ना?"

"नाही. नुसत्या भोकावरून मी कधी सांगत नाही. पण बाकीचं तू बघितलंस ना?"

तुम्ही चहा ठेवायला उठलात आणि उठता उठता म्हणालात, "राग मानू नकोस. तेव्हा दहा रुपये म्हणजे केवढे. मिठागरावरच्या माणसाच्या घरात पोरंबाळं, पावसाळ्याचे चार महिने काम नाही. अशा घरात खरी नोट साठ वर्षं कशी राहील? ती दुसऱ्या दिवशी तांदूळ आणते. राहते ती खोटीच."

"म्हणजे गरिबाच्या घरात खरं काही राहतच नाही, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"असं नाही म्हटलं मी."

"असंच म्हटलंत."

मी नोट वहीत घातली आणि चहा न घेता निघाले. जिन्यात तुमचा आवाज आला, "वनिता, पावसाचं आहे, छत्री ने." मी नेली नाही.

घरी काही सांगितलं नाही. बाबा सुताच्या कोनांचा, म्हणजे मोठ्या रिळांचा, टेम्पो चालवतात. रात्रपाळीच्या फेऱ्या असतात, सकाळी येतात तेव्हा बोलायचं त्राण नसतं. पण दिवाळी जवळ आली होती, आणि नोट पुसताना ते हमखास तेच सांगणार होते. "माझा बाप मानी मानूस. पोटाला चिमटा घेतला पन ही मोडली न्हाय." मला ते ऐकवणार नव्हतं. मग एका दुपारी घरी कोणी नसताना मी कॉलेजच्या फायलीतली टाचणी काढली आणि नोटेच्या डाव्या पांढऱ्या पट्टीत दोन भोकं पाडली. तुमच्या नोटांना असतात तशीच, शेजारी शेजारी. चांगली पडली. पेन्सिलीच्या टोकाने थोडी काळीही केली.

दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे आले. म्हटलं, "ताई, भोकं आहेत. तेव्हा आपल्याला दिसली नसतील." आपल्याला म्हटलं, तुम्हाला म्हणायचं धाडस झालं नाही.

तुम्ही भिंग घेतलंत. फार वेळ बघितलंत. मागे लूम चालू होते, मी त्यांचे ठोके मोजत उभी होते. मग तुम्ही भिंग खाली ठेवलंत.

"हो. आहेत की. दोन."

"मग?"

"मोतीबिंदू झालाय मला. डॉक्टर कधीचे म्हणतायत, करून घ्या."

"म्हणजे खरी ना, ताई?"

"जपून ठेवा म्हणावं बाबांना."

मी ते 'खरी' असं ऐकलं. बाबांना तसंच सांगितलं. तज्ज्ञ बाईंनी भिंगातून बघितली, खरी आहे. बाबा दिवाळीच्या पाडव्याला वज्रेश्वरीला जाऊन आले आणि पेढ्यांचा पुडा घेऊन थेट तुमच्या दारात. खाकी शर्ट, चपला बाहेर, खुर्चीत बसायला तयार नाहीत.

"ताय, तुमी बघितलांत, लय बरां झालां. आमचे म्हाताऱ्याचा नाव राखलांत."

"बसा हो. उभे काय?"

"न्हाय, टेम्पो उभा हाय खाली. हवालदार फिरतंय. पन पेढा खावा लागंल. माझे समोर."

तुम्हाला साखर. दोन वर्षं तुम्ही गोड चहाही घेतला नव्हता. तुम्ही पेढा उचललात, अख्खा खाल्लात, आणि बाबा खूश होऊन गेले. मी भिंतीला टेकून बघत होते. तेव्हाच सांगायला हवं होतं.

त्यानंतर तुम्ही नोटा बघणं सोडलंत. लोक यायचे, कुणी वाडवडिलांची नोट घेऊन, कुणी भंगारात सापडलेली. तुम्ही दारातूनच म्हणायचात, "माझी नजर गेली. आता मी सांगत नाही." मग मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, चांगलं झालं. तुम्ही माझ्या प्रोजेक्टमधल्या टायपिंगच्या चुका काढल्यात, सुईत दोरा ओवून दाखवलात. तरी कोणी नोट आणली की तेच. नजर गेली.

तीस वर्षांत माझ्या काउंटरवरून एक खोटी नोट पुढे गेली नाही, एवढी एकच बढाई तुम्ही मारायचात. त्या बाईचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास मी एका टाचणीने काढून घेतला, असं मला वाटत राहिलं. मी येत राहिले. तुम्ही शिकवत राहिलात, तुमच्या जुन्या नोटा, तुमच्या जुन्या खोट्या, पण नवं काही बघायचं नाही. मी भाजी आणायचे, औषधं आणायचे, सांगायचं ठरवून यायचे आणि न सांगता जायचे. एकदा सुरुवात केलीच होती. "ताई, ती आमच्या नोटेची भोकं..." तुम्ही म्हणालात, "आधी चहा बघ, उतू जाईल." चहा उतू जात नव्हता. नुकता तर ठेवला होता.

दवाखान्यात तुमच्या नाकाला नळी होती तेव्हा तर काय बोलणार. तुम्ही माझा हात धरलात आणि सवयीने अंगठा माझ्या बोटांवरून फिरवलात, नोटेचा कागद बघतात तसा.

काल दुपारी खऱ्या नोटा संपल्या. खोट्यांना हात घातला. तुम्ही त्या वेगळ्या वहीत ठेवल्यात, आणि प्रत्येकीची चिठ्ठी बुटाच्या खोक्यात. बँकेच्या जुन्या स्लिपांच्या कोऱ्या पाठींवर लिहिलेल्या, गावांच्या नावाने लावलेल्या. जी नोट तुमच्याकडे राहिली नाही, फक्त बघून परत दिलीत, तिचीही चिठ्ठी. हे मला माहीत नव्हतं. मी पडघा बघितलं, वसई बघितलं, आणि मग मागे येऊन 'ख' काढला.

चिठ्ठीवर दोन शाईंत लिहिलं आहे. वर निळ्या शाईत: "खारबाव. दहा रु. भोक नाही. उजवा कोपरा थकलेला. वॉटरमार्क वरून लावलेला. खोटी, त्याच वेळची. मुलीला सांगितलं. फार कठोर बोलले."

खाली काळ्या शाईत: "पुन्हा आणली. दोन भोकं. टाचणी नवी. गंज नाही, कडा पांढऱ्या, वर पेन्सिल. बोलले नाही. काउंटर बंद."

मी ती चिठ्ठी किती वेळा वाचली सांगता येणार नाही. तुमची नजर गेली नव्हती. पेन्सिलसुद्धा दिसली होती. आयुष्यात एक खोटी नोट तुम्ही डोळे उघडे ठेवून जाऊ दिलीत, आणि एकदा जाऊ दिल्यावर दुसऱ्या कोणाला खरं-खोटं सांगायचा हक्क आपल्याला उरला नाही, असं तुम्ही ठरवून टाकलंत. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट जास्त दमले. आणि ताई, खरं सांगते, तुमचा रागही आला. दीड वर्ष आपण दोघी समोरासमोर बसून चहा पीत होतो आणि दोघींना तीच गोष्ट माहीत होती. तुम्ही एकदा कान धरला असतात तर मी रडले असते आणि संपलं असतं. लोकांच्या नोटा तुम्ही बघत राहिला असतात.

पण मग असंही वाटतं, की त्या दिवशी कान धरला असतात तर मी परत आले नसते. तुम्हाला ते माहीत असणार.

आज सकाळी बाबा फेरीवरून आले. हातपाय धुऊन ओट्यावर बसले. मी चहा दिला आणि सगळं सांगितलं. भोकांचं, पेन्सिलीचं, तुमच्या चिठ्ठीचं. चिठ्ठीतल्या ओळी पाठ झाल्या होत्या, तशाच म्हणून दाखवल्या. बाबा कप हातात धरून बसले. चहावर साय आली.

"तं नोट खोटी हाय."

"हो."

"आन त्या बाईला म्हाईत व्हता. पेढा खाल्ला तवापन?"

"तेव्हापण."

"साखरंचा रोग व्हता ना तिला?"

"हो."

"अरं देवा," बाबा म्हणाले, आणि थोडं हसलेसुद्धा. "बाई भारी व्हती." मला वाटलं आता ओरडतील, नाहीतर उठून जातील. ते देवाऱ्याकडे बघत होते.

"म्हाताऱ्याला म्हाईत असंल?"

"काय?"

"खोटी हाय म्हून. असंलच. वाण्याकडं गेला असंल, वाण्यानं परत केली असंल. शेठकडं कोन भांडनार?" त्यांनी चहाची साय बोटाने काढली. "पन बाजारान खपली असती ना गं ती. वज्रेश्वरीचे जत्रंन, गर्दीन, कोन बघतंय? एखादे आंधळे म्हातारीच्या हातान दिली असती तं खपली असती. त्यानं न्हाय खपवली. घरान आनून ठेवली. आन कोनाला बोलला न्हाय."

ताई, तेव्हा मला तुमचं वाक्य आठवलं. तुझ्या आजोबांपाशी येऊन थांबली, असं म्हणाला होतात तुम्ही. मी ते ऐकलंच नव्हतं. मी फक्त गरीब आणि खोटी एवढंच ऐकलं, आणि छत्री न घेता निघून गेले. तुम्ही तेव्हाच हे म्हणत होतात की नाही, मला माहीत नाही. कदाचित तुम्ही सहज म्हणाला असाल. विचारायचं राहिलं.

मी बाबांना विचारलं, "नोट वहीत लावू का, ताईंच्या खोट्या नोटांबरोबर?"

"न्हाय. ती जागची हलनार न्हाय. तू ती चिठ्ठी आन. तिचे खाली ठेव."

दुपारी भाच्याला खऱ्यांची यादी दिली. खोट्या मी मागून घेतल्या, वही आणि खोक्यासकट. तो म्हणाला, "खोट्या घेऊन काय करणार तू?" या वेळी उत्तर लगेच सुचलं. म्हटलं, "काका, खऱ्या नोटा छापखान्याने केल्या. या खोट्या ताईंनी ओळखल्या. ताईंचं काम यांच्यातच आहे." त्याने वही माझ्याकडे सरकवली. म्हणाला, "ने. भिंगही ने."

आत्ता लाइट गेली आहे. मागचे लूम थांबले आहेत. तुमच्याच टेबलावर बसून लिहिते आहे. खारबावची चिठ्ठी समोर आहे. तुमच्या काळ्या ओळीखाली जागा फार नव्हती, फक्त उजव्या खालच्या कोपऱ्यात थोडी होती. तिथे मी लिहिलं: "भोकं मी पाडली. नोट आजोबांपाशी थांबली." खाली माझं नाव, पूर्ण.

अक्षर तिथे जरा दाटलं आहे, शेवटची रेघ वाकडी गेली आहे. तुम्ही असतात तर आधी तिथेच बघितलं असतंत.